चार हजाराच्या पुढे

सिव्हिल हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत
भोकाभोकांच्या पुठ्ठ्यानं मढवलेली माझी खोली.
तपासणीच्या वेळी पंखासुद्धा बंद करावा लागतो.
येऊरच्या पाड्यावरून रुपजी हाडळ आला,
सोबत नातू, हातात केसपेपरची सुरळी.
हेडफोन चढवताना विचारलं त्यानं,
"ह्याच्यात कोन बोलनार?"
कोणी नाही, म्हटलं. नुसता आवाज.
ऐकू आला की बटण दाबायचं.

अडीचशेला दाबलं. पाचशेला दाबलं.
हजाराला जरा मान तिरकी करून.
मचाणावर बसल्यासारखा बसला होता,
पापणीसुद्धा हलत नव्हती.
दोन हजार: अंगठा उचलला, परत ठेवला.
चार हजाराला
मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले,
काचेपलीकडे तो वाट बघत राहिला.

आलेखावरची रेघ
येऊरहून उपवनला रस्ता उतरतो
तशी एकदम खाली.

"बारीक आवाज आधी जातात, बाबा.
वयानं होतं. घड्याळाची टिकटिक, पक्षी..."
"पाडस," तो म्हणाला.

बंदूक जमा करून चाळीस वर्षं झाली म्हणे.
मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं,
कानावरचं यंत्र काढायचंही विसरून, मोठमोठ्यानं:
"वर्षाचं सांबर लई ओरडतं.
माकडानं फांदी हलवली, ओरडतं,
कुत्रं दिसलं, ओरडतं,
सोताच्याच ओरडन्याला भिऊन परत ओरडतं.
त्याचा आवाज फाटका, बांबू चिरल्यावानी.
त्याच्या मागं जो गेला
तो रिकाम्या हातानं घरी आला.

म्हातारी मादी येकदाच.
पाय आपटून, पोटातून. ढांक्.
ती खोटं बोलत नाय.
ती ओरडली का बंदूक खाली घ्यायची
आन् आधी बघायचं,
आपन कोनाच्या वाटंत बसलोय."

नातू मोबाइलमधून वर बघत नव्हता.
बाहेर कोणीतरी दार ठोठावलं, मी थांबा म्हटलं.
"आणि पाडस?"

त्यानं केसपेपरचा कोपरा फाडला,
दोन अंगठ्यांच्या फटीत ताणून धरला,
ओठ लावले.

सुईच्या नेढ्यातून यावा
इतका बारीक आवाज.
दोनदा. मग थांबून, आणखी एकदा,
शेवटाला किंचित वर गेलेला,
विचारल्यासारखा.

मी खुर्चीतून उठले होते.
कधी उठले ते कळलं नाही.
हात दाराच्या कडीवर होता
आणि माझा मुलगा त्या वेळी
वर्तकनगरच्या शाळेत, चौथीच्या वर्गात,
अगदी सुखरूप होता.

"आई येते ह्याला," रुपजी म्हणाला.
माझ्याकडे न बघता, कागदाकडे बघत.
"वारा उलटा असला तरी येते.
आपला वास लागला तरी येते.
उघड्यावर येऊन उभी ऱ्हाते."
मग चेहरा वर करून,
"वाजलं का? मला कळत नाय आता."

वाजलं, मी म्हटलं.

मशीनबद्दल सांगायचं होतं, ते सांगितलं:
सरकारी योजना, दाखला, दोन फोटो,
सवय व्हायला महिना-दीड महिना,
सुरुवातीला भांडीसुद्धा कानात आदळतात.
"समदं परत येईल?"
पुष्कळसं.
तो बराच वेळ गप्प. पंखा अजून बंदच होता,
त्याच्या कपाळावरून घाम कानामागे उतरत होता.
"त्ये येक सोडून
बाकीचं येईल का?"

असं निवडता येत नाही, हे मी सांगितलं नाही.
फॉर्म पुढे ओढला, नाव लिहिलं, वय अंदाजे लिहिलं.
केसपेपरचा नंबर बघायला गेले
तर तोच कोपरा नव्हता,
तो त्याच्या मुठीत होता, ओला,
आणि नातू म्हणाला, चल आजा,
खिडकीवर परत लाइन लावावी लागंल.